साल्हेरचा बेत

शुक्रवार, रात्र

नाशिककडचा साल्हेर किल्ला येळवशीनंतरच. एकदाचं ठरलं. त्याआधीची तारीख नुसती बोलून बघितली तर गावाकडून आईचा फोन आलाच, "येळवस सोडून कुठं निघालास रं? कोप कोण बांधायचं?" तिचं काही चूक नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीच्या दिवशी, शेतातली कडब्याची कोप आणि अंबील-भज्जी सोडून डोंगरावर बसलो असतो तर माझंच चित्त थाऱ्यावर राहिलं नसतं.

मामांचा मुद्दा वेगळाच. "थंडीच खायची तर परभणी काय कमी हाय व्हय? विद्यापीठाचा आकडा बघ पेपरात." आता हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कृषी विद्यापीठातला पारा एखाद्या वर्षी पाच-सहा अंशांवर येतो आणि त्या पहाटे साल्हेरच्या माथ्यावर कदाचित इथल्यापेक्षा जास्तच तापमान असेल. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन भराभर निवते, थंड झालेली जड हवा सखल रानात साचून राहते आणि उंच माथा त्या थराच्या वर निघतो. फक्त आपली थंडी जागेवर बसून असते. दोन तुराट्या पेटवल्या की भागतं. तिथली थंडी वाऱ्यावर येते. आठ अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते तीन अंशांसारखं लागतं. त्यात चढून घामेजलेला सुती बनियन अंगात असला की मग बघायलाच नको.

म्हणून यंदा मी मोबाइलवरचं तापमान बघणं सोडून वारा बघतोय, आणि तोही जमिनीवरचा नाही. साल्हेरची उंची १५६७ मीटर. कळसूबाईच्या खालोखाल राज्यात हेच शिखर. हवामानवाले हवेच्या दाबावरून ज्याला ८५० हेक्टोपास्कलचा थर म्हणतात तो साधारण १५०० मीटरवर असतो, म्हणजे जवळजवळ माथ्यावरच्या परशुरामाच्या पायाशीच. विंडी या हवामानाच्या ॲपमध्ये उंची बदलता येते. साल्हेरच्या वाटेवरच्या ताहाराबादचा जमिनीवरचा वारा आणि या थरातला वारा एकाच वेळी लावून बघितला तर पुष्कळदा खाली झुळूक आणि वर दुप्पट-तिप्पट जोर दिसतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ग्रुपमधले दोघंजण अजूनही "आठ अंश म्हणजे काय, मॉर्निंग वॉक" म्हणतात. त्यांना हे दोन नकाशे पाठवले, उत्तरादाखल अंगठा आला.

डोंगराची ठेवणही तशीच. हा सह्याद्रीचा उत्तर टोकाकडचा भाग, आणि साल्हेरच्या उत्तरेला त्याच्या तोडीचा एकही डोंगर नाही. उत्तरेकडून थंडीची लाट आली की वारा थेट अंगावर. वाघांब्याकडून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत आलो की पहिला तडाखा तिथंच बसणार, कारण खिंडीतून वारा चेपून निघतो. पुढं कातळातल्या पायऱ्या, ओळीनं दरवाजे, मग पठार, गंगासागर तलाव, गुहा. गुहेपर्यंत ठीक. शेवटचा सुळका, ज्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे, तिथं आडोसा म्हणून काही नाही.

तेव्हा मुक्काम वर नाही, गावातच. अंधारात निघण्याची हौसही नको. उजाडल्यावर चढायचं, सॅक गुहेत ठेवायच्या, कोरडा शर्ट आणि विंडचीटर चढवून मगच वरच्या टप्प्याला लागायचं, परशुरामाला हात जोडून, सालोटा-मुल्हेर-मांगीतुंगी नजरेखालून घालून लगेच खाली. फोटोवाल्यांनी हातमोजे काढायचे नाहीत, आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा, कारण गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. एकाला १६७२ च्या लढाईवर वर उभं राहून भाषण करायचंय. मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजर, कामी आलेले सूर्याजी काकडे, सगळं पाठ आहे त्याचं. त्याला म्हटलं, लढाई पायथ्याला झाली, भाषणही पायथ्यालाच होऊ दे.

खाण्याचं बघायला नकोच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. धपाटे दोन दिवस खराब होत नाहीत. बायको म्हणाली, थर्मास दोन न्या, एक तर तुम्हीच संपवता. जायला तपोवननं मनमाड, तिथून जीप करून मालेगाव, सटाणा, ताहाराबाद. परतीचं तिकीट अजून वेटिंगवर आहे.

आणि एक कलम आजच लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी कुणी शब्द फिरवायला नको. आदल्या संध्याकाळी वरच्या थरात ४० च्या पुढं वारा दिसला तर साल्हेर रद्द, सकाळी मुल्हेर. तो कमी उंचीचा, वर झाडीही आहे, आणि किल्ला म्हणून काही उणा नाही. ग्रुपवर हे टाकल्याबरोबर भाषणवाला आणि अजून एक जण फुरंगटले. फुरंगटू द्या. जीपचे पैसे मी भरलेत.