तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अर्ध्या तासात तुम्हाला कळतं तरी कसं?’

लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये. मी कधीकाळी न्यूज चॅनेलवर होते हे कळलं की प्रश्न ठरलेला. “स्फोट होऊन अर्धा तास होत नाही तोच ‘यात फायदा कुणाचा’ म्हणून चर्चा झोडायला लागता. एवढ्यात कळतं तरी कसं?” २०२५च्या एप्रिलमध्ये, पहलगामनंतर, सोसायटीतल्या एका काकांनी तर मला जिन्यातच अडवलं. जणू त्या रात्रीचं पॅनल मीच बसवलं होतं. अहो काका, मला बाहेर पडून दहा वर्षं झाली.

कळत नाही. हे झालं उत्तर. पण पॅनल बसवायला काही कळावं लागत नाही, फोन नंबर लागतात, आणि ते माझ्याकडे होते. मी गेस्ट डेस्कवर. रात्री अकरालाही कोण फोन उचलतं, कुणाला गाडी पाठवावी लागते, कुणासमोर कोण बसला की आवाज चढतो, सगळं एका निळ्या वहीत.

१३ फेब्रुवारी २०१०, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्याच्या कोरेगाव पार्कात, जर्मन बेकरीत स्फोट. पहिली बातमी सिलिंडरची आली, आणि तोवर आम्ही शहाण्यासारखे वागलो. सिलिंडरला पक्ष नसतो. मग बॉम्ब असल्याचं आलं आणि न्यूजरूमचा नूरच बदलला. सामग्री तयार होती. आदल्याच दिवशी शाहरुखचा सिनेमा शिवसेनेचा विरोध असताना, थिएटरांबाहेर पोलीस उभे करून लागला होता. शिवाय भारत-पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव २५ तारखेला दिल्लीत भेटणार, हेही नुकतंच जाहीर झालेलं. म्हणजे पॅनलं दोन. ‘थिएटरं राखली, शहर सोडलं?’ ही पडद्याखाली फिरणारी पट्टी माझी. शेवटच्या प्रश्नचिन्हाचा तर मला अभिमान होता; ते लावलं की आपण काही म्हटलेलं नसतं.

पुण्याच्या रिपोर्टरने जखमींना कुठे नेलंय ते मधेच फोनवर सांगितलं. ससून, जहांगीर, बुधरानी, आणि कळली तेवढी नावं. मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. पट्टीवर घालायला जागा नव्हती. तिथे माझं प्रश्नचिन्ह फिरत होतं.

मग मी पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन लावला. राज्यशास्त्राचे, बोलायला नेमके, फोनोला, म्हणजे फोनवरूनच कार्यक्रमात बोलायला, कधी नाही म्हणायचे नाहीत. पहिल्याच रिंगला उचलला. मी चॅनेलचं नाव सांगितलं, विषय सांगितला. ते म्हणाले, “बरं झालं तुम्ही केलात. माझी भाची तिथेच जवळ नोकरीला आहे. तिचा फोन लागत नाहीये. जखमींना कुठे नेलंय, तेवढं कळेल का?”

यादी माझ्या कोपराखाली होती. शाई अजून पुरती वाळलीही नव्हती.

मी म्हणाले, “सर, आधी दोन मिनिटं घेऊ का तुम्हाला? लगेच सांगते मग.”

हे काही मी विचार करून म्हटलं नव्हतं. तोंडात बसलेलं वाक्य होतं. पीसीआरमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या कंट्रोल रूममधून, कानात ओरडत होते, “पुणे कुठंय, पुणे द्या.” प्राध्यापक क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “घ्या.” होल्डवर त्यांना आमचंच पॅनल ऐकू येत होतं: एक प्रवक्ता दुसऱ्याला विचारत होता, तुमचे लोक थिएटरं फोडत नसते तर? दोन मिनिटांची दहा झाली. मग अँकरने त्यांना विचारलं, सर, याचा राजकीय फायदा कुणाला? ते शांतपणे म्हणाले, “आज त्यावर बोलणं योग्य होणार नाही.” अँकरने आभार मानून ब्रेक घेतला. मी यादी वाचून दाखवली. भाचीचं नाव तीत नव्हतं. ती घरी सुखरूप होती, लाइनी जाम होत्या एवढंच.

हे सांगितलं की लोक म्हणतात, मग झालं काय? झालं काहीच नाही. पुढे मृतांचा आकडा १७ वर गेला, त्यात ती नव्हती. त्या प्राध्यापकांनी माझा फोन पुन्हा उचलला नाही, एवढंच झालं.

आणि आमच्या तर्कांचं म्हणाल, तर बोलणी उधळायला स्फोट केला म्हणून आम्ही रात्र जागवली. २५ तारखेला सचिव दिल्लीत भेटले. या स्फोटासाठी एकाला २०१३मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा स्फोटाच्या कटाचा आरोप मान्य केला नाही, स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. कोर्टांना सहा वर्षं लागली. आमचं रात्री दहालाच उरकलं होतं.

तेव्हाची मी मात्र ऐकून घेत नाही. ती म्हणते, आपण गप्प बसलो असतो तर लोकांनी दुसरं चॅनेल लावलं असतं. (लावलंच असतं. काका, तुम्हीसुद्धा.) ती म्हणते, स्पेनमधलं माद्रिद घे. मार्च २००४, लोकल गाड्यांत स्फोट, निवडणूक तीन दिवसांवर. सरकारने लगेच ‘एटा’ या तिथल्या बास्क फुटीरवादी संघटनेचं नाव घेतलं, पंतप्रधान अझनार यांनी संपादकांना स्वतः फोन केले, आणि ते नाव चुकीचं निघालं. तिथे ‘हेच नाव, आत्ताच का?’ असं त्याच रात्री विचारायला नको होतं? हवं होतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण आम्ही त्या रात्री तेही विचारत नव्हतो. सरकारी प्रवक्त्याला विरोधकाशी झुंजवत होतो, आणि रात्री उशिरा कॅन्टीनमध्ये मी माझ्या पट्टीबद्दल शाबासकी घेतली. चहा गोड लागला होता, हेही सांगून टाकते.

निळी वही अजून घरी आहे. मागचं पान मी फाडलेलं नाही. पुढच्या पानांवरचे चार-पाच नंबर तर अजूनही टीव्हीवर दिसतात, रात्री अकरालाही.