दोनशे चौदा आणि एकोणीस

आपल्या शाळेत आठवीत होते. २००२ चा ऑगस्ट. खेळाच्या सरांनी सूचना फलकावर पेपरचं बोटभर कात्रण लावलं. पेपर आपल्या गावात दुपारच्या एसटीने यायचा, म्हणून बातमी शिळीच होती. मिताली राज नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं इंग्लंडात, टाँटनला, कसोटीत २१४ धावा काढल्या होत्या. बायकांच्या कसोटीत तोवर एवढ्या कोणीच काढल्या नव्हत्या.

गणिताच्या सरांनी चष्मा वर करून कात्रण वाचलं, वर्गात आले आणि फळ्यावर भागाकार मांडला. ४०७ चेंडू, म्हणजे ६७ षटकं आणि वर ५ चेंडू. "एकटीनं!" म्हणाले, आणि त्या दिवशी गृहपाठ द्यायचा विसरले.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेआधीचा अर्धा तास मैदान पोरींचं झालं. पोट्टे महिनाभर फुगून होते. यष्ट्या तुराट्यांच्या. बॅट एकच, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पावसाळ्यात काळी माती चपलेला किलोभर चिकटायची आणि चेंडू टप्पा पडला की तिथंच बसायचा. उन्हाळ्यात त्याच जमिनीला हातभर भेगा. चेंडू आत गेला की पऱ्हाटीच्या काडीनं उकरून काढायचा. अशा जमिनीवर खेळाचे सर आम्हाला कव्हर ड्राइव्हचा फटका शिकवत. "डावं कोपर वर! वर!" घरी आई म्हणायची, "उन्हात नाचाले टाइम हाये, वावरात निंदाले नाही?"

माझी कारकीर्द तीन सामन्यांची. एकूण धावा १९. तिसऱ्या सामन्यात दुसरी धाव घेताना ओढणी पायात आली आणि मी मधोमध आडवी झाले. धावबाद. प्रेक्षक हसले, सर हसले नाहीत. दहावीनंतर बॅट सुटली ती सुटलीच.

मितालीची सुटली नाही. १९९९ मध्ये आयर्लंडविरुद्ध पहिल्याच एकदिवसीय सामन्यात तिनं नाबाद ११४ केल्या होत्या, वय सोळा. त्या काळी महिला संघाकडे पैसा नव्हता. या मुली किटच्या थैल्या घेऊन आगगाडीच्या साध्या डब्यातून फिरायच्या. बीसीसीआयनं महिला क्रिकेट हाती घेतलं ते २००६ मध्ये. तिला नोकरी रेल्वेनं दिली. मला पुढे एसटीनं दिली, वाहकाची. ती रेल्वेत, मी एसटीत. हा विनोद मी डेपोत इतक्यांदा केला की आता कोणी हसत नाही.

१२ एप्रिल २०१८ ला रजा टाकली आणि पोरीला घेऊन नागपूर गाठलं. सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान, इंग्लंडविरुद्धचा तिसरा सामना. नागपूरचं एप्रिलचं ऊन मी काय सांगावं! डोक्याला पांढरा दुपट्टा, हाती ताकाची बाटली. मितालीनं नाबाद ७४ केल्या आणि आपण जिंकलो. धावांपेक्षा मी तिचं कोपर बघत होते. चेंडू कव्हरमधून जायचा तेव्हा ते बरोबर वर असायचं, सर सांगायचे तस्संच. पोरीनं विचारलं, "आई, तू रडून राहिली का?" म्हटलं, घाम आहे.

त्याच्या आदल्या वर्षी लॉर्ड्सवर तिच्या संघाचा विश्वचषक नऊ धावांनी हुकला होता. तो तिला कधीच मिळाला नाही. २०२२ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा एकदिवसीय सामने २३२, धावा ७८०५. माझ्या हिशेबानं ती माझ्यापेक्षा ७७८६ धावांनी पुढे. नवी मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ ला कर्णधार हरमनप्रीत कौरच्या भारतीय संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा मी मुक्कामी गाडीवर होते. चालकाच्या मोबाइलवर शेवटचा झेल पाहिला.

शाळेला एकच विनंती आहे. खेळाच्या कपाटात ती ट्यूब गुंडाळलेली बॅट अजून असेल, तर सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी तेवढी बाहेर काढून ठेवा. पोरीला घेऊन येते आहे. ती डावखुरी निघाली. तिचं उजवं कोपर वर करावं लागतं.