‘आपल्याकडे आयपीव्ही ६ नाही’ असे समजणे

मागच्या पावसाळ्यात, नाशिकला झड लागलेली असताना, आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरून इंटरनेट फार मंद असल्याची तक्रार आली. आमच्या फायरवॉलवर (इंटरनेटची ये-जा तपासणाऱ्या यंत्रावर) मात्र त्या मजल्याची वाहतूक नेहमीपेक्षा कमी दिसत होती. एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप तपासला, तेव्हा आमच्या १० ने सुरू होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही ४) पत्त्याशेजारी एक लांबलचक आयपीव्ही ६ पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांना पत्ते देण्याच्या नव्या पद्धतीचा पत्ता, आढळला, जो आम्ही दिलेलाच नव्हता. कोणीतरी स्वतःच्या सिमकार्डच्या राउटरची केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली होती आणि मजल्यावरची बरीचशी वाहतूक त्या एका सिममधून बाहेर जात होती. बनावट डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) रोखण्याची सोय स्विचवर (सॉकेटच्या केबली जोडणाऱ्या यंत्रावर) चालू असल्याने त्या राउटरचे जुन्या पद्धतीचे पत्ते अडले; पण ‘मी इथला राउटर आहे’ ही आयपीव्ही ६ ची घोषणा अडवणारी स्विचवरची सोय, म्हणजे आरए गार्ड, आम्ही लावलाच नव्हता.

आयपीव्ही ६ न स्वीकारणे म्हणजे ते नसणे नव्हे, हे मला त्या दिवशी पटले. विंडोज आणि अँड्रॉइडमध्ये ते मुळातच चालू असते.

जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. तेव्हापासून हजारो विद्यार्थी मोजक्या सार्वजनिक पत्त्यांआड बसवण्याची कसरत विद्यापीठे करत आहेत. एकाने ई-नियतकालिकांचे शेकडो लेख एकदम उतरवले की प्रकाशक तो पत्ता बंद करतो आणि सगळ्या संशोधकांचे वाचन थांबते. याउलट आयपीव्ही ६ चा ४८ बिटांचा एक उपसर्ग (पत्त्याचा ठरलेला सुरुवातीचा भाग) मिळाला, तर त्यात ६५,५३६ उपजाळी (नेटवर्कचे छोटे भाग) बसतात. आम्ही पत्त्यात उपजाळ्यासाठी असलेल्या चार षोडशमान अंकांपैकी (प्रत्येकाच्या सोळा किमती, 0 ते 9 आणि a ते f) पहिले दोन इमारतीला, तिसरा मजल्याला आणि चौथा वापराला दिला, त्यामुळे पत्ता वाचताच यंत्र कुठे आहे ते कळते. हा आराखडा कागदावर नीट उतरवण्यात गेलेला वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ग्रंथालयात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी सुरू केल्या, तेव्हा लहान पाने उघडत आणि मोठी अडकत. आयपीव्ही ६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचे) तुकडे करत नाही, तर ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवण्याची पद्धत) निरोप पाठवणाऱ्याला परत धाडतो. आणि आम्ही जुन्या सवयीने आयसीएमपी सरसकट बंद ठेवले होते. तो निरोप मोकळा करताच अडचण मिटली. आता वसतिगृहाची पाळी आहे. तिथल्या स्विचवर आरए गार्ड आधीच चालू केला आहे.