मिरीने आज पेंढा खाल्ला

रविवार, रात्री साडेनऊ

दोन दिवस वहीला हात लावला नाही. आज मिरीने, माझ्या बुटक्या गाढवीने, पेंढा खाल्ला, खरोखर खाल्ला, म्हणून लिहायला बसले आहे.

‘खरोखर’ हा शब्द मुद्दाम लिहिला. कारण शुक्रवारी सकाळीही ती गव्हाणीत तोंड घालून उभीच होती. जबडा हलत होता. ते बघून मी निर्धास्त पुढे गेले. तिचा जोडीदार ढगू, त्याची बादली घासली, लीद उचलली, अंगणातला ओला पेंढा बाजूला केला. अर्ध्या तासाने वळून पाहते तर गव्हाण जशीच्या तशी! आजारी गाढव खायचं सोंग आणतं, हे मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि मी ते इतरांना शहाणपणाने ऐकवतही असते. स्वतःच्या गोठ्यात मात्र फसले. ही जात दुखणं दाखवत नाही. घोडा पोटात दुखलं तर लोळतो, घामाघूम होतो, गोंधळ घालतो. गाढव जरासं गप्प होतं, बस्स. ‘आज शांत आहे बिचारी’ असं म्हणून आपण निघून जातो.

मग नीट पाहिलं. एक कान आडवा पडलेला. रात्रभराची लीद अगदी थोडी, सुकी, वर चिकट साय धरल्यासारखी. ताप पाहिला तर 37.2 अंश सेल्सिअस. पूर्ण वाढ झालेल्या गाढवाला साधारण 36.5 ते 37.8 एवढंच असतं, घोड्यापेक्षा कमी. म्हणजे ताप नव्हता. त्याने जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. जाड गाढवाने खाणं सोडलं की काय होतं ते मला ठाऊक होतं.

आणि मिरी जाड आहे. ती मीच केली.

खांद्यापाशी 84 सेंटिमीटर उंची, म्हणजे माझ्या मांडीला लागेल एवढी. मिरी ज्या बुटक्या, मिनिएचर जातीची, तिची मर्यादाच 36 इंच, 91 सेंटिमीटर. मूळची सिसिली आणि सार्डिनियाची ही गाढवं. तिथे ती जात्याला जुंपत, पाणी आणि सरपण वाहायला लावत. 1929 मध्ये रॉबर्ट ग्रीन यांनी ती अमेरिकेत नेली आणि पुढे ती हौसेने पाळायची जनावरं झाली. खडकाळ माळावर दिवसभर हिंडून वाळल्या काड्या चघळायच्या, हे यांच्या पोटाचं गणित. त्या पोटाला मी पहिलं वर्षभर काय दिलं? हिरवंगार गवत, मूठभर धान्य, गाजरं, सफरचंदाच्या फोडी, आणि ‘अगं बघते कशी’ म्हणून वर आणखी एक बिस्कीट. बघते कशी! बघणारच. आयुष्यात ज्याने तिला ‘नाही’ म्हटलं नाही त्याच्याकडे कोणीही तसंच बघेल.

वर्षाअखेर तिच्या मानेवर आयाळीखाली चरबीचा वळ आला. हाताला कडक, दोरखंडासारखा. नालबंदाने तिचा खूर उचलला, खाली ठेवला, मानेवरून हात फिरवला आणि मला विचारलं, “ताई, हिला पाळताय की पोसताय?” मला राग आला होता. त्यांनी पुढे सांगितलं की हा वळ एकदा एका बाजूला कलंडला की पुन्हा सरळ होत नाही, वजन उतरलं तरी. आणि जाडीमागून खूर धरतात. आत सूज येते, जनावर पाय टाकेनासं होतं. तेव्हापासून धान्य बंद, गोडधोड बंद, चराईवर कुंपण. मुख्य खाणं जवाचा पेंढा. दर महिन्याला छातीचा घेर मोजायचा आणि बरगड्यांवरून हात फिरवायचा. बोटांना जरा दाबल्यावर बरगडी लागली पाहिजे. ढगूची लागते. मिरीची अजून शोधावी लागते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. गेल्या महिन्याच्या मापात घेर एक सेंटिमीटरही उतरला नव्हता. मी चिडले आणि तिचा पेंढा एकदम निम्म्यावर आणला. कोणाला विचारलं नाही. हीच दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. गाढवाचं पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं. ती इतक्या जोराने सुटते की यकृताला आणि मूत्रपिंडांना झेपत नाही, आणि सुटायला लागल्यावर बंद करायची कळ त्याच्याकडे नसते. जितकं जाड जनावर, तितका धोका. वजन उतरवायचं ते महिन्यांच्या हिशेबाने, मुंगीच्या पावलांनी. एवढं सगळं माहीत असून माझा हात घाईला आला.

डॉक्टर शुक्रवारी दुपारी आल्या. रक्त काढलं आणि नळी उभी करून ठेवली. तांबड्या पेशी खाली बसल्यावर वरचं पाणी नितळ पिवळसर दिसायला हवं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि माझ्यापुढे केली. वरचं पाणी गढूळ होतं, तांदळाच्या धुवणासारखं. दुधासारखं पांढरं नव्हतं, म्हणजे उशीर झालेला नव्हता. पण नितळही नव्हतं. ती नळी मी विसरणार नाही.

मूळ दुखणं तोंडात निघालं. गुंगीचं औषध देऊन जबडा उघडा ठेवला, डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात पाहिलं तर डावीकडच्या मागच्या दाढेला धार चढली होती आणि गाल आतून फाटला होता. गाढवाच्या दाढा जन्मभर पुढे येत राहतात, म्हणून वर्षातून एकदा तरी तोंड तपासायचं असतं. मी तो महिना पुढे ढकलला होता. कानस फिरताना जो आवाज होतो तो ऐकवत नव्हता. ढगू मात्र सगळा वेळ दोन हातांवर उभा होता. त्याला बाहेर काढायचा विचारही कोणी केला नाही. या दोघांची जोडी तोडली तर त्या धसक्यानेच खाणं सुटायचं. एकाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी दुसऱ्याला गाडीत घ्यायचं, असाच दंडक आहे.

सलाईन, वेदनेचं औषध, आणि मग डॉक्टरांचा हुकूम: “आता ती जे खाईल ते द्या.” जे खाईल ते! आठ महिने ज्याच्यासाठी मी पाषाणहृदयी झाले होते ते सगळं टोपलीत भरून तिच्यापुढे बसले. किसलेलं गाजर, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेला चारा, पुदिना. ढुंकून पाहीना. शनिवारी पहाटे तिच्यासमोर गुडघे टेकून, तिचे पुढचे दोन्ही पाय धरून, “खा ना गं” म्हणत होते. अडला हरी ही म्हण लहानपणापासून ऐकत आले. ती अशी अक्षरशः वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. (गाढवाला गुळाची चव नसते ही म्हण मात्र साफ खोटी. माझ्या हातून गूळ खाऊन कोणाचं वाटोळं झालं हे मला विचारा.)

शनिवारी संध्याकाळी तिने माझ्या तळहातावरचं पुदिन्याचं पान ओठाने उचललं. ओठ गरम होता, हनुवटीचे राठ केस हाताला टोचले. पान गेलं. मी हलले नाही. दुसरं गेलं. मग ती पाणी प्यायली आणि बऱ्याच वेळाने लीद टाकली. ती लीद पाहून मला जो आनंद झाला तो घरात कोणाला सांगता येण्यासारखा नाही.

आज सकाळी पुन्हा रक्त काढलं. नळीतलं पाणी नितळ. डॉक्टरांनी पेंढ्याचं माप स्वतः लिहून दिलं, पहिल्यापेक्षा थोडंसंच कमी, आणि यापुढे मापाला हात लावायचा नाही अशी तंबी. ती मी निमूट ऐकली.

मघाशी जेवण झाल्यावर कंदील घेऊन गेले. ढगूने अंधारातच रेकून माझ्या नावाने शंख केला. त्याला वाटलं टोपली आली. मिरी गव्हाणीत होती, जबडा हलत होता. या वेळी मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. कंदील खाली ठेवला, तिच्या गळ्याला तळहात लावून उभी राहिले. काडी चावल्याचा कुरकुर आवाज, मग हाताखालून घोट सरकला. मोजले. सतरा झाल्यावर ढगूने माझ्या सदऱ्याचा खिसा उलटा केला.