तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी येत असताना मी मलयमधले ॲनिमेशनपट का बघते

"मलेशियात इंग्रजी सगळीकडे चालतं, तुला ते चांगलं येतं, मग कार्टूनचे सिनेमे मलयमध्ये डब केलेले कशाला बघतेस?" पुण्याहून आलेले पाहुणे हे विचारतात आणि क्वालालंपूरमधले मलय शेजारीही विचारतात. शेजाऱ्यांना तर जास्तच नवल वाटतं, कारण त्यांच्यातले बरेच जण स्वतः इंग्रजीतूनच बघतात.

मला ते आवडतात, मनापासून आवडतात. मलयमध्ये आल्यावर त्या सिनेमातली माणसं एकमेकांची कोणीतरी लागायला लागतात, म्हणून आवडतात.

इंग्रजीत राजालाही 'यू' आणि चोरालाही 'यू'. मलयमध्ये तसं भागत नाही. 'साया' आणि 'आवाक' हे सभ्य, जरा अंतर राखून बोलायचे शब्द. 'आकू' आणि 'काऊ' जिवलग मित्रांचे, नाहीतर मग भांडणातले. मोठा भाऊ 'आबांग', मोठी बहीण 'काकाक', धाकटं भावंड मुलगा असो की मुलगी, 'आदिक'. दुकानदार अनोळखी असला तरी 'पाक चिक', त्याची बायको 'माक चिक'. त्यामुळे मलय संवाद लिहिणाऱ्याला आधी बसून ठरवावं लागतं, की कोण कोणापेक्षा मोठं, कोणाची कोणाशी सलगी, कोण कोणाला मान देतं. मूळ सिनेमाने हे कितीदा मोघमच सोडलेलं असतं. सिनेमाभर 'साया–आवाक' करणारं पात्र ऐन वादात 'काऊ'वर घसरलं की माझ्या अंगावर काटा येतो. इंग्रजीत त्या जागी फक्त आवाज चढलेला असतो. तुम्ही-आम्ही तर अहो-जाहो आणि अरे-तुरेच्या घरात वाढलेली माणसं, आपल्याला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

राजेरजवाड्यांच्या गोष्टींत तर फारच बहार येते. मलेशियात आजही नऊ राज्यांना वंशपरंपरेने राजे आहेत आणि तेच दर ५ वर्षांसाठी आपल्यातल्या एकाला देशाचा राजा निवडतात. राजा स्वतःला 'बेता' म्हणतो, प्रजेतला माणूस त्याच्यासमोर स्वतःला 'पातिक' म्हणतो आणि त्याला 'तुआन्कू' म्हणून हाक मारतो. ही भाषा इथे खऱ्या समारंभांत कानावर पडते. म्हणून परीकथेतल्या सरदाराने ती वापरली की मुलांना ती नाटकी वाटत नाही.

आता गाण्यांबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच होते. २०१३ च्या 'फ्रोझन' या डिस्नेच्या सिनेमातलं एल्सा राणीचं 'लेट इट गो' हे गाणं तुम्हाला माहीत असणारच. मलयमध्ये ते साबाह राज्यातल्या मार्शा मिलान लोंदोह हिने गायलंय. डिस्नेने २५ भाषांचे तुकडे जोडून त्याची एक चित्रफीत केली होती, त्यातही तिचा आवाज आहे. मलय ध्रुवपदाचा शब्द आहे 'बेबासकान', म्हणजे 'मोकळं कर'. मोजून पाहा: बे-बास-कान. मूळ 'लेट-इट-गो'इतकीच तीन तुकड्यांची लांबी, आणि शेवटी गळा मोकळा सोडायला 'आ'. मलय क्रियापदं पुढून-मागून प्रत्यय लागून लांबलचक होतात, त्यांना आखूड सुरांत बसवणं सोपं नाही. इतकी नेमकी बसलेली ओळ ऐकली की ज्याने कोणी ती लिहिली त्याला दाद द्यावीशी वाटते.

आणखी एक गंमत ऐका. इथल्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा 'आ' दबतो, 'साया' जवळजवळ 'साये' ऐकू येतं. गाताना मात्र रीत वेगळी, तो 'आ' पूर्ण उघडून गातात. त्यामुळे तेच पात्र बोलताना शेजारच्या मुलीसारखं असतं आणि गायला लागलं की त्याची भाषाच सणाचे कपडे घालून येते. हेडफोन लावून ऐका, नक्की जाणवेल.

सगळंच डबिंग चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी संवाद इतके पुस्तकी असतात की पोरं निबंध वाचून दाखवताहेत असं वाटतं. 'ला' हा लाडिक, रेटा देणारा शेपटीचा शब्द जिथे धीटपणे वापरलेला असतो, तिथे जीव येतो.

आणि हे डबिंग ज्यांच्यासाठी असतं त्यांना विसरू नका. इथल्या थिएटरात इंग्रजी सिनेमे मलय आणि चिनी उपशीर्षकांसह चालतात. चार वर्षांच्या पोराला ती वाचता येत नाहीत. आमच्या शेजारणीची आई केलांतान राज्यातली, इंग्रजी न येणारी. ती नातवाला मांडीवर घेऊन मलयमधला डोरेमॉन बघते, आणि दोघं एकाच वेळी, एकाच वाक्याला हसतात. उपशीर्षकं असती तर आजी चष्मा शोधेपर्यंत विनोद संपला असता.

आपल्याकडे डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी पोचले ते हिंदीतून, आणि मराठी पोरं भातुकलीत हिंदी बोलायला लागली. मला हिंदीचा राग नाही. पण मलय ही काही इंग्रजीसारखी जगभर पसरलेली भाषा नाही. तरी तिथल्या मुलांना एल्सा त्यांच्या भाषेत गाऊन दाखवते, हे बघून मला मराठी मुलांसाठी हेवा वाटतो. तो मी लपवत नाही.

तुम्हाला बघायचंच असेल तर पाठ असलेला एखादा सिनेमा घ्या, आवाजाच्या यादीत 'बहासा मलायू' शोधा आणि उपशीर्षकं बंद करा. गोष्ट ठाऊक असल्यामुळे अडणार नाही. पहिला अर्धा तास फक्त एवढंच ऐका, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतंय.