तुम्ही विचारलंत म्हणून : खाऊने शिंगरू चावरं होतं का?

"हातातून खाऊ दिला की शिंगरू चावरं होतं असं मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) म्हणतात. खरं का?" पुण्यात घोड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. मोतद्दारांना दिसतं ते खरं आहे, कारण मात्र वेगळं. चावरेपणा खाऊने येत नाही; खाऊ कुठे आणि कधी मिळाला, त्यावर ते ठरतं.

समजा, माणसाचा हात न लागलेलं दोन वर्षांचं भीमथडी जातीचं शिंगरू आहे. पहिले काही दिवस शिकवणं बंद. घमेल्यात चारा ठेवायचा आणि निघून यायचं. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं नाही. म्हणून जायचं ते खांद्याच्या रोखाने, तिरकं. मान ताठ झाली की थांबा. खाली आली की तुम्हीच दोन पावलं मागे या. भित्र्या जनावराला ते मागे सरणं गाजराहून गोड लागतं.

मग कुंपणाआडून पहिला धडा. बांबूच्या टोकाला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधा. नाक लागलं की त्याच क्षणी खुणेचा आवाज, मग खाऊ. जिभेने टकटक करू नका, टांग्याचा घोडा आपण त्यानेच हाकतो. बॉलपेनची टिकटिक चालेल. आवाजाआधी हात खिशाकडे गेला, तर शिंगरू बाटली नाही, खिसा शिकतं. खाऊ द्यायचा तो हात पूर्ण लांब करून, आपल्या अंगापासून दूर. खिसा हुंगायला आलं तर ओरडू नका, ढकलूही नका (ढकलाढकली त्याला खेळ वाटतो). मान सरळ होईपर्यंत गप्प उभे राहा. झाली की टिक आणि खाऊ. हे पक्कं होण्याआधी पुढचं काही काढू नये. चावरी शिंगरं घडतात ती याच घाईत.

गाजर उभं चिरा. गोल चकत्या घशात अडकतात. गुळाने शिंगरू हावरं होतं, चिमूटभर सुका लसूणघास (लसूण नव्हे, चाऱ्याचं पीक) बरा. उपाशी ठेवून शिकवणं हा तर निव्वळ अडाणीपणा. पोट भरलेलं असावं, धडा पाच मिनिटांचा, दिवसातून दोनतीनदा.

म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती घालायची दोरी, आपण चढवायची नाही. नाकाचा वेढा उघडा धरायचा, खाऊ पलीकडून दाखवायचा. नाक आपसूक आत येतं. पण लगेच खुंट्याला बांधू नका. बिचकून मागे ओढलं तर मानेला इजा होते, आणि दाव्याची धास्ती एका हिसक्यात बसते.

गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशांचे सराव सुरू होतात, तेव्हा नवा धडा नको. आवाजाची सवय व्हावी म्हणून चारा पुढ्यात टाका, मोबाईलवर ढोल अगदी बारीक लावा आणि जबड्याकडे बघत राहा. चारा चावणं चालू आहे तोवर ठीक. जबडा थबकला, की आवाज आणखी कमी करा.