मलार्ड लिहिलेला रशियन

कराडचे एक काका टेम्पोत घालून रेडिओग्राम घेऊन आले, सागवानी पेटी, आत रेडिओ आणि गॅरार्डचा रेकॉर्ड चेंजर. आल्या आल्या म्हणाले, "आउटपुट वॉल्व्ह गेलाय, मलार्डचाच टाका, दुसरं काही नको." वॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची ती काचेची नळी, मलार्ड ही तिची नावाजलेली ब्रिटिश कंपनी. आधीच्या मेकॅनिकने दोनदा तो वॉल्व्ह, ईएल ८४ नंबरचा, बदलला म्हणे आणि दोन्ही तापून लाल होऊन गेले. हे ऐकल्यावर माझे कान टवकारायला हवे होते, पण नाही टवकारले. मी पण वॉल्व्ह शोधायच्याच मागे लागलो.

पुण्यात जुन्या बाजारात दोन रविवार घालवले, एक फुटका मर्फी सोडला तर काही नाही. मग शनिवारी पहाटे सिंहगड पकडून दादर, तिथून ग्रँट रोड. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा लॅमिंग्टन रोड आता सगळा सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचा झालाय. एका दुकानात विचारलं वॉल्व्ह आहे का, तर पोरगं म्हणतं, "वॉल्व? वो तो नागदेवी में मिलेगा." म्हणजे पाइपाचा! त्याची काय चूक, त्याच्या जन्माच्या आधीच हे सगळं संपलेलं. मी आपले थोडे कपॅसिटर घेतले, ०.०२२ मायक्रोफॅरडचे ६३० व्होल्टवाले, असेच, लागतात म्हणून.

तिथून चालत चोर बाजार. शुक्रवारी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात म्हणून मुद्दाम शनिवार धरला होता. एका चाचांकडे मेलेला गॅरार्ड मिळाला. काकांच्या चेंजरसाठी मला त्यातली फक्त आयडलर चाकी हवी होती. मोटरच्या पुलीवरून फिरून थाळीला आतून ढकलते ती रबरी चाकी, ती कडक झाली की घसरते आणि गाणं डुलायला लागतं, आणि मशीन बरीच वर्षं एकाच जागी दाबून पडलं असेल तर तिच्यात खड्डा पडतो, मग प्रत्येक फेरीला धप् धप्. चाचांच्या चाकीचं रबर पण दगड झालेलं. तरी घेतली, मधलं बुश चांगलं होतं. ते पुली पण देत होते, ती नको म्हटलं, कारण तो गॅरार्ड अमेरिकेतून आलेला, तिथल्या ६० सायकलच्या विजेचा. ती पुली आपल्या ५० वर लावली की ३३ ची रेकॉर्ड २८ नी फिरते, बाई गात असेल तर बाप्या गातोय असं वाटतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी असा फसलोय.

मग चाचांनी पेपरात गुंडाळलेला ईएल ८४ काढला, त्यावर चकचकीत मलार्ड. अडीच हजार म्हणाले. मी भिंग काढून काचेचा खालचा भाग बघितला. मलार्डच्या वॉल्व्हवर तिथे फॅक्टरीचा बारीक कोड कोरलेला असतो, ईएल ८४ असेल तर आरएक्सनं सुरू होणारा. इथे काहीच नाही, आणि वरचा छाप इतका पांढरा की कालच मारल्यासारखा. म्हटलं, "चाचा, ये तो रशियन है." चाचा हसले. "चलता तो है ना?" चलता है, ते खरंच आहे, ६पी१४पी म्हणजे रशियन ईएल ८४च, दणकट असतो, मला तर आवडतो. सहाशेला ठरला.

डेक्कन क्वीननं रात्री साडेआठला पुण्यात, घरी न जाता थेट दुकान. वॉल्व्ह सॉकेटवर धरला आणि कोण जाणे काय वाटलं, परत काढून ठेवला आणि रिकाम्या सॉकेटच्या २ नंबर पिनला, म्हणजे वॉल्व्हचा करंट कमी-जास्त करणाऱ्या ग्रिडला, मीटर लावला. तिथे शून्य पाहिजे. मीटर १४ व्होल्ट दाखवतोय! त्याच्या आधीच्या टप्प्यातल्या वॉल्व्हच्या ॲनोडचं डीसी व्होल्टेज रोखून फक्त आवाज पुढे सोडायचं काम करणारा कपलिंग कपॅसिटर, जुना कागदी, लीक होत होता. ग्रिडवर पॉझिटिव्ह आलं की वॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि लाल होतो. म्हणजे तिसराही गेला असता, आणि हा तर मी मुंबईहून आणलेला. पिशवीतला ०.०२२ काढून त्याच्या जागी लावला, परत बघितलं, शून्य. हे मीटर लावणं मुंबईला जायच्या आधी करायचं होतं, दहा मिनिटांचं काम. वॉल्व्ह लागणारच होता म्हणा, पण तरी स्वतःचाच राग आला.

चाक्या दोन्ही, काकांच्या मशीनची आणि चाचांकडची, भोसरीला एक जण छापखान्याचे रोलर रबर करून देतो त्याच्याकडे दिल्या. त्याला काही कळलं नाही कशाच्या आहेत, पण नवं रबर चढवून लेथवर असं गोल काढलं की धप् धप् पार बंद.

काका न्यायला आले तेव्हा मी सगळं खरं सांगितलं, वॉल्व्ह रशियन आहे, मलार्ड नुसतं वरून छापलंय, ते स्पिरिटनं पुसून देऊ का. काकांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"पुसू नका," म्हणाले, "आमचे मेहुणे बघायला येणारेत."